मार्चमध्ये कळलेली तूट: हापूसच्या आगाऊ नोंदणीचं एक प्रकरण

हापूसच्या धंद्यात एप्रिलमध्ये जी लबाडी होते, तिची तयारी बहुधा आदल्या पावसाळ्यापासून झालेली असते. रत्नागिरीच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरणाऱ्यानं काही महिन्यांपूर्वी झेपेल त्याहून जास्त माल कबूल केलेला असतो, त्याचे पैसे घेतलेले असतात आणि ते खर्चूनही टाकलेले असतात. एप्रिल उजाडतो तेव्हा प्रामाणिक राहायला लागणारी रोकड त्याच्याकडे उरलेली नसते. म्हणून या धंद्यातल्या नीतीचा विचार पैसा कधी येतो आणि कधी जातो, इथपासून करावा लागतो.

खालचं प्रकरण कोणा एका व्यापाऱ्याचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस ते राजापूर या पट्ट्यात जे व्यवहार नेहमी होतात, त्यांवरून ते बांधलं आहे. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून दर आणि पेट्यांचे आकडे गोल धरले आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

परिस्थिती

पावसजवळचा एक बागायतदार. स्वतःची कलमं आहेत, दोन बागा कराराने घेतल्या आहेत आणि गावातल्या चार लहान बागायतदारांचा माल तो ठरलेल्या दराने उचलतो. 2020 च्या टाळेबंदीत नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजाराचा भरवसा राहिला नाही, तेव्हा कोकणातल्या अनेकांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोचवायला सुरुवात केली. हाही त्यांतलाच. दलाल सुटला, पट्टीतली, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कागदातली, कपात सुटली, पण जानेवारीत मोहोर बघून नोंदणी घ्यायची आणि निम्मे पैसे आधी मागायचे, ही सवय लागली.

यंदा 1,000 पेट्या नोंदल्या गेल्या. पेटी 5 डझनांची, फळ 250 ग्रॅमच्या वरचं, दर घरपोच 3,500 रुपये. एकूण विक्री 35 लाखांची, त्यातले साडेसतरा लाख जानेवारीअखेर हातात आले. फेब्रुवारी संपेपर्यंत ते गेलेही: तुडतुड्याच्या आणि भुरीच्या फवारण्या, कराराने घेतलेल्या बागांचा हप्ता, राखणदारांचे पगार, खोकी, आणि खतांच्या दुकानाची पावसाळ्यापासूनची उधारी. त्याआधी, पावसाळ्यातच, चार बागायतदारांना मिळून 3 लाखांची उचल दिलेली होती. उचल घेताना त्यांच्याशी दर ठरला होता बागेवर 450 रुपये डझन.

थंडी लांबली. जानेवारीच्या शेवटी कलमांना पुन्हा मोहोर फुटला आणि पहिल्या मोहोराची सुपारीएवढी झालेली फळं गळून गेली. या पुनर्मोहोराचा फटका हापूसला नवा नाही. झाड नव्या मोहोराकडे अन्न वळवतं आणि धरलेलं फळ सोडतं. फेब्रुवारीअखेर उकाडा वाढला, उरलेल्यातलंही थोडं पिवळं पडून गळलं. 10 मार्चच्या सुमारास बागा फिरून अंदाज घेतला तेव्हा नोंदणीच्या प्रतीचं फळ 600 पेट्यांपुरतंच दिसलं: 350 पेट्या स्वतःच्या आणि कराराच्या बागांतून, 250 त्या चौघांकडून. तूट 400 पेट्यांची.

त्याच गावातला दुसरा एक व्यापारी तेवढ्यात 3,000 रुपयांत 5 डझनांची पेटी द्यायला लागला. यंदाच्या फळाच्या भावात हे बसत नाही. ते कसं बसतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन डझनांचा हिशेब

धारवाडकडचा हापूस क्रेटमधून रात्री येतो. या हिशेबात गाडीभाडं आणि पुन्हा भरणी धरून 5 डझन साधारण 1,600 रुपयांना पडतात. छापील खोकी बाजारात सुटी मिळतात, ती विकत घेणाऱ्याला कोणी बागेचा सातबारा विचारत नाही. वरच्या थरात रत्नागिरीचं फळ, खाली मिसळीचं. 1,000 पेट्यांत प्रत्येकी 2 डझन बाहेरचं फळ घातलं की 2,000 डझन, म्हणजे बरोबर 400 पेट्यांची तूट भरते. 35 लाखांची विक्री पुरी होते, 6 लाख 40 हजारांचं फळ आणलं जातं आणि 28 लाख 60 हजार राहतात.

हाच हिशेब उलटा मांडला की दुसरी वाट दिसते. 600 पेट्या म्हणजे 3,000 डझन. 1,000 गिऱ्हाईकं. प्रत्येकाला 3 डझन देता येतात, एकही बाहेरचं फळ न आणता. 700 रुपये डझनाच्या ठरल्या दरानं तीन डझनांचे 2,100 रुपये होतात. 1,750 आधीच जमा आहेत, 350 घ्यायचे राहतात. कोणालाही रोख परत करावी लागत नाही, आणि साडेसतरा लाख खर्चून बसलेल्या माणसासाठी हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे. विक्री 21 लाख. मिसळीच्या वाटेपेक्षा 7 लाख 60 हजारांनी कमी.

दोन्ही वाटांवर वादाचा मुद्दा एकच, पेटीतले ते 2 डझन. ते खोटे भरायचे की कमी द्यायचे. 7 लाख 60 हजार ही त्या उत्तराची किंमत आहे. ती किंमत लहान आहे असं भासवून नीतीचा उपदेश करणाऱ्यांचा या धंद्यात काहीच उपयोग नाही. पुढच्या वर्षीच्या सगळ्या फवारण्यांचा खर्च त्यात निघतो.

तिसरी एक वाट आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं, कारण तिच्यात फळ खरं असतं. फळ तुटीचं असल्यानं बाजारात हाच आंबा हातात पडेल अशा 920 रुपये डझनानं जातोय. नोंदणीदारांना "यंदा फळच आलं नाही" असं सांगून पैसे सावकाश परत करायचे आणि 3,000 डझन वाशीला पाठवायचे. डझनामागे 220 रुपये, एकूण 6 लाख 60 हजार जादा. मिसळ करायला कचरणारी कितीतरी माणसं ही वाट सहज घेतात. आपण फसवलं नाही असं त्यांना मनापासून वाटतं, कारण कोणाच्या घरात खोटा आंबा गेलेला नसतो. पण ज्यानं जानेवारीत बिनव्याजी 1,750 रुपये देऊन त्या आंब्याच्या फवारणीचा खर्च उचलला, त्याचा आंबा दुसऱ्याला विकला गेलेला असतो.

कर्नाटकचा हापूस वाईट नाही. धारवाडच्या शेतकऱ्यानंही घाम गाळूनच तो पिकवलेला असतो, आणि "कर्नाटक हापूस" म्हणून विकला तर त्यात कसलाच गुन्हा नाही. उरलेले 2 डझन वेगळ्या खोक्यात, त्याच नावानं, 400 रुपये डझनानं द्यावेत, असाही पर्याय कागदावर सुचतो. प्रत्यक्षात तो टाळलेला बरा. पॅकिंग शेडमध्ये एकदा ते क्रेट शिरलं की रात्री अकराला भरणी करणाऱ्या मजुराच्या हातून फळ इकडचं तिकडे होतं, आणि क्रेट उतरताना पाहणाऱ्या शेजाऱ्याला तुमचा हेतू समजावून सांगता येत नाही. ज्याच्याकडे दोन स्वतंत्र शेड आणि दोन स्वतंत्र टोळ्या आहेत, त्यानंच त्या फंदात पडावं.

कायदा किती आड येतो

कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या प्रदेशातल्या फळालाच ते नाव लावता येतं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे त्यात येतात. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यात खोटं मानांकन लावण्याला किमान 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे फसव्या लेबलाला 3 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कलमं कडक आहेत. अडचण पुराव्याची आहे: पेटी उघडल्यावर सालीची जाडी, गराचा रंग आणि वास यांवरून जाणकार शंका घेऊ शकतो, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं फळावर क्रमांकाचे स्टिकर आणले आणि ते बागायतदाराच्या झाडांच्या हिशेबात वाटले, ते याचसाठी. पेटीपेक्षा फळावर खूण असणं केव्हाही बरं, कारण पेटी पुन्हा भरता येते.

मिसळीला जोडून दुसरा धोका येतो तो घाईचा. अक्षय्य तृतीयेला घरात आंबा हवा, ही मागणी नोंदणीतच असते. तुटीच्या वर्षी 85 टक्के तयार होण्याआधीच फळ उतरवण्याचा मोह होतो, मग ते अढीत नीट पिकत नाही, सुरकुततं, आणि कार्बाइडची पुडी आठवते. कॅल्शियम कार्बाइडनं फळ पिकवायला 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांत बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूला परवानगी आहे, 100 पीपीएमपर्यंत, तीही बंद चेंबरमध्ये. तापमान आणि आर्द्रता राखून, आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड अधूनमधून बाहेर सोडून. कोवळ्या फळाला मात्र चेंबरही चव देऊ शकत नाही. साल पिवळी होते, गर आंबटच राहतो. तारीख चुकली तरी चालेल, फळ तयार हवं. अक्षय्य तृतीयेचा शब्द देणं हीच नोंदणीतली चूक होती.

उचल घेतलेल्यांचं काय

गिऱ्हाईकाशी सरळ वागणारा माणूस बागायतदाराशी तसाच वागतो असं नाही. खरा निर्दयपणा पाहायचा तर तो इथे दिसतो, कारण उचल घेतलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही.

बागेवरचा भाव आता 750 रुपये डझन आहे आणि चौघांशी ठरला आहे 450. 250 पेट्या म्हणजे 1,250 डझन. फरक 3 लाख 75 हजारांचा. ठरलेला दर धरून बसणं अनीती आहे का? आमच्या मते याचं उत्तर मागच्या भरघोस वर्षाच्या वहीत असतं. भाव 300 वर आला होता तेव्हा यानं त्यांना ठरलेला दर दिला असेल, तर आज 450 चा हक्क त्याचाच. तेव्हा "बाजार पडलाय, समजून घ्या तात्या" म्हणून दर कापला असेल, तर आज कराराचं नाव काढण्याचा अधिकार त्याला उरत नाही. ज्यात पडेल तेव्हा एकच बाजू सोसते, तो करार नसतो. या प्रकरणात त्या वर्षी निम्मी कपात झाली होती: 150 चा फरक दोघांनी वाटून घेतला होता. तोच न्याय आता लावला तर 300 च्या फरकातले 150 चौघांचे.

त्यानं 100 चढवले. 550 रुपये डझन. 1 लाख 25 हजार रुपये जादा गेले. 150 द्यायला हवे होते असं आमचं मत आहे. पण 600 ला घेतलेला आंबा 700 ला घरपोच देताना खोकं, पेंढा, हमाली आणि गाडीभाडं यांत काहीच उरत नाही, हेही खरं. 50 रुपयांचा तो फरक त्यानं तोंडी न ठेवता प्रत्येकाच्या पट्टीवर लिहून पुढच्या हंगामाच्या उचलीतून वळता करायचं मान्य केलं. लिहिलं म्हणून ते ग्राह्य.

एक पैसाही न चढवता त्याला 450 नं माल मिळाला असता का? नसताच. रात्री साडेदहाला चांगलं फळ 750 नं दुसऱ्याच्या टेम्पोत गेलं असतं आणि सकाळी याच्या शेडमध्ये डागी आणि बारीक माल आला असता. उचल वसूल करायला मग भांडण, आणि तिढा ग्रामपंचायतीपर्यंत.

दराहून मोठी लूट प्रतवारीत होते. काढणी झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, झाली का, देठ ठेवला का, फळावर चीक ओघळला का, यांवर फळाची प्रत ठरते. आणि ती ठरवणारा एकटा घेणाराच असला तर चांगलं फळही "कॅनिंग" मध्ये, म्हणजे डबाबंद रसाच्या मालात, जातं. कॅनिंगचा माल किलोवर, पेटीच्या मानानं फार कमी भावात जातो. बागायतदाराचं फळ कॅनिंगच्या भावानं घ्यायचं आणि संध्याकाळी तेच निवडून पेटीत भरायचं, ही युक्ती कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. साक्याचं निमित्त तर याहून सोयीचं: साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, फळ कापल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे "वीस फळं साक्याची निघाली" म्हटलं की पट्टीतून वीस फळं गेली. उपाय साधा आहे. वजनकाट्यावर प्रतवारी मालकासमोर करायची, 200 ते 250, 250 ते 300 आणि 300 च्या वर असे ढीग त्याच्या डोळ्यांदेखत मोजायचे, पट्टी त्याच दिवशी लिहून द्यायची, आणि साक्याची कपात करायची असेल तर कापलेलं फळ किंवा त्याचा फोटो दाखवायचा. ज्या शेडमध्ये हे होत नाही तिथल्या मालकाच्या सचोटीची ग्वाही त्याच्या गिऱ्हाइकांनी देऊ नये.

गिऱ्हाइकांना काय कळवलं

निरोप 20 मार्चला गेला. पहिली पेटी रवाना होण्याआधी तो जाणं गरजेचं होतं. पहिल्या शंभरांना पाच-पाच डझन मिळाले असते तर बाकीच्यांना सांगायला कारणच उरलं नसतं. मजकूर असा:

"नमस्कार. पुनर्मोहोरामुळे यंदा फळ कमी धरलं आहे. आपण 5 डझन नोंदवले आहेत, आम्ही 3 डझन देऊ शकतो. ठरल्या दरानं त्याचे 2,100 रुपये होतात. आपले 1,750 जमा आहेत, पेटी मिळाल्यावर 350 द्यावेत. नको असल्यास 31 मार्चपर्यंत कळवावं, पूर्ण रक्कम 15 एप्रिलपर्यंत परत करू. सर्व फळ आमच्या, कराराच्या आणि सोबतच्या चार बागायतदारांच्या बागांतलं आहे."

शेवटचं वाक्य आधीच्या मसुद्यात "सर्व फळ आमच्या बागेतलं" असं होतं. ते बदललं हे योग्य झालं. 250 पेट्या दुसऱ्यांच्या बागेतल्या आहेत. मिसळ टाळून तोच खोटेपणा लहान प्रमाणात करायचा नाही. "इतरांसारखा बाहेरचा आंबा भरत नाही" हेही एकानं सुचवलं होतं, ते गाळलं.

शंभर जणांनी पैसे परत मागितले. 1 लाख 75 हजार रुपये. त्यांचे 300 डझन पहिल्या काढणीत वाशीला पाठवून 920 च्या दरानं 2 लाख 76 हजार आले, त्यातून परतफेड वेळेत झाली. उरलेल्या 900 जणांचे 18 लाख 90 हजार आणि हे मिळून 21 लाख 66 हजार. नकार देणाऱ्यांमुळे नुकसान झालं नाही, 66 हजार वाढलेच. तुटीच्या वर्षी पैसे परत करायला घाबरू नये, ते याचमुळे.

शेजाऱ्याबद्दल

3,000 ची पेटी देणाऱ्या त्या व्यापाऱ्याच्या शेडमधल्या क्रेटांचा व्हिडिओ काढून सोसायट्यांच्या गटांत टाका, असा आग्रह आपल्या बागायतदाराला बऱ्याच जणांनी केला. त्यानं तो टाकला नाही, आणि आमच्या मते तेच बरोबर होतं. "रत्नागिरीचा आंबा म्हणून फसवतात" असा व्हिडिओ फिरला की पुण्यातला माणूस गावाचं आणि शेडचं नाव लक्षात ठेवत नाही. तो रत्नागिरीचा आंबा घेणं थांबवतो. फटका त्या चार बागायतदारांनाही बसतो.

तक्रार मात्र करायला हवी होती आणि ती झाली नाही. पेटी पावतीसह विकत घ्यायची, उघडताना दोन साक्षीदार, छापील खोक्याचा आणि फळांचा फोटो, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज. मानांकनाच्या नोंदणीकृत संस्थेलाही प्रत. प्रतिस्पर्धी अडला तर आपला फायदा होतो म्हणून खरी तक्रार गैर ठरत नाही. तिच्यात जे पाहिलं तेवढंच असावं. पाहिलं नसेल तर कार्बाइडचा आरोप जोडू नये. एका गावात राहायचं, लग्नकार्यात एका पंक्तीला बसायचं, या संकोचानं तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याची किंमत पुढच्या हंगामात 3,000 च्या पेटीशी झगडणाऱ्या प्रत्येकाला मोजावी लागेल.

पुढच्या ऑक्टोबरसाठी

हापूस वर्षाआड कमी-जास्त धरतो, हे धरूनच नोंदणी ठरवायला हवी. गेल्या तीन वर्षांतल्या सर्वांत कमी उत्पादनाएवढीच आगाऊ नोंदणी, इथे 600 पेट्या; त्यावरचं फळ मार्चनंतर चालू भावानं विकायचं. नोंदणीच्या पावतीवर "फळ कमी आल्यास सर्वांना समान प्रमाणात कपात" हे वाक्य आणि पेटीच्या दराऐवजी डझनाचा भाव. हवामानावर आधारित फळपीक विमा भरायचा, पण त्याची रक्कम आली तरी हंगाम उलटल्यावर येते. एप्रिलची तूट तिनं भरत नाही, म्हणून ती रोकडीच्या हिशेबात धरायची नाही.

आणि आगाऊ रक्कम निम्म्याऐवजी 20 टक्के, तीही वेगळ्या खात्यात, पहिली पेटी जाईपर्यंत न वापरता. 600 पेट्यांवर ती 4 लाख 20 हजार होते. साडेसतरा लाखांचं खेळतं भांडवल यामुळे हातातून जातं. पीककर्जाची मर्यादा आणि घरची शिल्लक मिळून चौघांची उचल आणि स्वतःच्या कलमांच्या फवारण्या निघतात, त्यापुढे नाही. कराराच्या दोन्ही बागा त्याला सोडाव्या लागल्या, आणि त्या शेजारच्या व्यापाऱ्यानं घेतल्या.